मार्चमधलं बुकिंग, गाडीचा पत्ता नाही आणि शोरूमचा दर आठवड्याला नवा प्रस्ताव

मृण्मयी_डोंबिवली | ९ ऑगस्ट २०२२

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे, जरा सविस्तर लिहिते.

मार्चमध्ये, पाडव्याच्या तोंडावर आम्ही सात सीटर सीएनजी गाडी बुक केली. मधलं मॉडेल, ११ हजार भरून. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून राजापूरपर्यंत जाणं त्यांना आता झेपत नाही. त्यामुळे यंदा गणपतीला नवी गाडी हवीच, असं ठरवून पैशांची जुळवाजुळव केली होती.

बुकिंगच्या वेळी "चार-पाच महिने" म्हणाले होते. आता फेब्रुवारी सांगतायत. शिवाय दर आठवड्याला फोन येतो. एकदा म्हणाले, "मॅडम, टॉप मॉडेल पेट्रोल ऑटोमॅटिक कॅन्सल झालंय, दहा दिवसांत देतो." त्याची किंमत आमच्या बजेटच्या बाहेर. मग म्हणाले, "४५ हजारांचं अ‍ॅक्सेसरीज पॅकेज आणि इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या, नंबर वर सरकवता येईल का बघतो." दरम्यान कंपनीने किंमतही वाढवली आहे आणि जुन्या गाडीला एक्स्चेंजमध्ये देऊ केलेली रक्कम "आता व्हॅलिड नाही" म्हणतायत.

माझे प्रश्न: किंमत बुकिंगच्या दिवसाची धरतात की डिलिव्हरीच्या? हा नंबर खरंच असतो का? आणि सीएनजीचा हट्ट सोडून पेट्रोल घ्यावी का? महिन्याला साधारण ७०० किमी फिरणं होतं. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम देत नाहीये.

---

चाकणवाला | ९ ऑगस्ट २०२२

मी गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे चिपटंचाईचं हे दुखणं रोज समोर बघतो.

मुळात झालं असं की एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे मारुतीसकट सगळ्यांची देशांतर्गत विक्री शून्यावर आली. जगभर हीच गत. वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच सुमारास लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही यांची मागणी उसळली आणि चिप कारखान्यांनी ती क्षमता तिकडे वळवली. काही महिन्यांत गाड्यांची मागणी परत आली, तोवर रांगेत आपली जागा गेलेली होती. त्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये हिमवादळाने वीज गेली आणि तिथले चिप कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसासच्या नाका कारखान्याला आग लागली. गाड्यांतल्या यंत्रणा चालवणाऱ्या चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बनवण्यात हे मोठं नाव. मग उन्हाळ्यानंतर मलेशियात कोविडचे निर्बंध आले, आणि चिपचं पॅकेजिंग-टेस्टिंग तिथे फार मोठ्या प्रमाणावर चालतं. त्याचा फटका इतका होता की सप्टेंबर २०२१ मध्ये आपलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल, असं मारुतीने जाहीर केलं होतं.

लोक विचारतात, दोन वर्षं झाली, नवे कारखाने का नाही काढत? गाडीत लागणाऱ्या बहुतेक चिप जुन्या तंत्राच्या असतात, ८ इंची वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बनणाऱ्या. नवी गुंतवणूक जाते मोबाइल-सर्व्हरच्या आधुनिक चिपकडे, कारण नफा तिथे आहे. आपल्याला लागणारा भाग शंभर-दोनशे रुपयांचा असतो, पण तो नसेल तर एअरबॅगचं युनिट पूर्ण होत नाही. एअरबॅग युनिट नसेल तर गाडी गेटबाहेर पडू शकत नाही. आमच्याकडे सकाळची मीटिंग याच एका विषयावर असते: कुठला भाग आज विमानाने येतोय आणि त्यावर कुठलं मॉडेल चालवायचं.

आणि तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे. चिप मोजक्या असल्या की कंपनी त्या जास्त नफ्याच्या मॉडेलला आधी लावते. म्हणून टॉप मॉडेल दहा दिवसांत मिळतं आणि मधलं सीएनजी फेब्रुवारीत. शोरूमवाला याबाबतीत बहुधा खोटं बोलत नसावा.

---

पेठेतला_अनिकेत | ९ ऑगस्ट २०२२

चाकणवाला, फार सुंदर समजावलंत. वाचनखूण साठवली.

मृण्मयीताई, अ‍ॅक्सेसरीजच्या बदल्यात नंबर हा सरळसरळ दबाव आहे. अजिबात मानू नका.

---

शोरूमच्या_आतून | १० ऑगस्ट २०२२

मी सेल्समध्ये आहे (धागाकर्तीच्या कंपनीत नाही). आमची बाजूही सांगतो, आणि ग्राहकाने काय मागावं तेही.

नंबर असतो, पण गावच्या रेशन दुकानासारखी एकच रांग नसते. प्रत्येक मॉडेल, व्हेरिएंट (मॉडेलचा उपप्रकार) आणि रंग यांची वेगळी रांग. कंपनी महिन्याला शोरूमला गाड्या देते त्या अशा: पांढऱ्या इतक्या, ग्रे इतक्या. तुमचा रंग आला नाही तर तुमच्या मागच्याला त्याच्या रंगाची गाडी आधी मिळते, आणि ते गैर नाही. त्यामुळे पहिला प्रश्न, तुम्ही रंग एकच दिलाय का? दोन-तीन रंग चालतील असं लेखी कळवलंत तर खरोखर फरक पडतो.

दुसरं. पावती हाताने लिहिलेली आहे की छापील? बुकिंग कंपनीच्या सिस्टिममध्ये चढलं की ऑर्डर नंबर तयार होतो आणि बहुतेक कंपन्यांकडून ग्राहकाला मेसेज येतो. तो मेसेज नसेल तर आधी तो नंबर मागा. काही ठिकाणी पैसे घेऊन नोंद उशिरा केली जाते आणि रांगेतली तारीख नोंदीपासून धरतात.

तिसरं, व्हेरिएंट बदललात तर सिनियॉरिटी बऱ्याचदा जाते. बदलण्याआधी "मूळ तारीख कायम राहील" हे मेलवर घ्या. तोंडी शब्दावर बदलू नका.

वेटिंगचे आकडे फुगलेले असतात, हेही खरं. एकच माणूस तीन शोरूममध्ये, दोन कंपन्यांत बुकिंग करून ठेवतो आणि जी आधी येईल ती घेतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००ची पहिली २५,००० बुकिंग ५७ मिनिटांत झाली, परवा ३० जुलैला स्कॉर्पिओ-एनची एक लाख अर्ध्या तासात. यातली सगळी गिऱ्हाइकं शेवटपर्यंत थांबत नाहीत. म्हणून सांगितलेल्या तारखेआधीही गाड्या निघतात, विशेषतः पितृपक्षात, कारण तेव्हा बरेच जण डिलिव्हरी घेत नाहीत. ज्यांना त्याचं काही वाटत नाही त्यांनी तसं आधीच सांगून ठेवावं.

शेवटचं, आमच्यासारख्या पोरांवर चिडू नका. गाडीच नाही तर इन्सेंटिव्ह नाही. दोन वर्षांत आमच्याकडची निम्मी टीम सोडून गेली.

---

अ‍ॅड_कल्याण | १० ऑगस्ट २०२२

कागदाबद्दल थोडं.

किंमत: जवळपास प्रत्येक ऑर्डर फॉर्मवर बारीक अक्षरात "डिलिव्हरीच्या वेळची किंमत लागू" असं छापलेलं असतं. तुम्ही सही केलेल्या फॉर्मची प्रत काढून वाचा. तसं असेल तर वाढीव किंमत द्यावी लागेल. तसं नसेल, किंवा फॉर्मच दिला नसेल, तर वाद घालायला जागा आहे.

इन्शुरन्स: शोरूमकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. नव्या कारला तीन वर्षांचं थर्ड पार्टी अनिवार्य आहे, स्वतःच्या नुकसानीचं कव्हर एका वर्षाचं घेता येतं. चेसिस नंबर (गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक) मिळाला की बाहेरून दोन-तीन कोटेशन काढा. फरक बघून तुम्हीच चकित व्हाल.

"हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" नावाची ओळ कोटेशनमध्ये असेल तर तो सरकारी आकार नाही. काढायला सांगा. याउलट १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर) लागतो तो कायदेशीर आहे, आणि रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो. बरेच लोक विसरतात.

बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळण्याच्या अटीही त्याच फॉर्मवर असतात. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण त्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा. शोरूमला दहा फोन करण्यापेक्षा कंपनीला केलेली एक मेल जास्त हलवते, कारण तिला तक्रार क्रमांक पडतो आणि उत्तर द्यावं लागतं.

---

गणिती_गोखले | १० ऑगस्ट २०२२

सीएनजी की पेट्रोल, याचं गणित मांडतो. मुंबई-ठाण्यात पेट्रोल १०६ रुपये. सीएनजी एप्रिलमध्ये राज्याने व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केल्यावर ६० ला आला होता, तो या महिन्यात ८६ झालाय. शहरात सात सीटर पेट्रोलवर १५ किमी देते असं धरू, सीएनजीवर किलोला २२. म्हणजे किमीला ७ रुपये १० पैसे विरुद्ध ३ रुपये ९० पैसे. फरक ३ रुपये २० पैसे.

गाडीच्या किमतीत फरक साधारण ९५ हजारांचा. भागिले ३.२, म्हणजे जवळजवळ ३० हजार किमी. महिन्याला ७०० किमी, म्हणजे साडेतीन वर्षं. एवढ्यासाठी फेब्रुवारीपर्यंत थांबणं मला पटत नाही.

---

आरटीओ_एजंटचा_भाऊ | १० ऑगस्ट २०२२

गोखले साहेब, रोड टॅक्स राहिला. महाराष्ट्रात पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२. सीएनजीला ७ आणि ८. समजा पेट्रोल ९.८० लाख: टॅक्स १,०७,८००. सीएनजी १०.७५ लाख: टॅक्स ८६,०००. म्हणजे जवळजवळ २२ हजार इथेच वाचले. खरा फरक ७३ हजार.

---

गणिती_गोखले | १० ऑगस्ट २०२२

बरोबर, धन्यवाद. मग ३० हजारांऐवजी २३ हजार किमी, म्हणजे पावणेतीन वर्षं. दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याला सीएनजी परवडतेच. पण दोन गोष्टी आकड्यात बसत नाहीत. तिसऱ्या रांगेमागे जी काही डिकी उरते ती टाकी खाते. गणपतीला सहा माणसं, सामान, मखर आणि परतीला फणस-नारळ, हे सगळं कुठे ठेवणार? आणि राजापूरच्या वाटेवर सीएनजी पंप मोजके, त्यावर सणाच्या दिवसांत लागणाऱ्या रांगा. सासऱ्यांना गाडीत बसवून तिथे तासभर उभं राहण्यात काय अर्थ आहे?

---

सुनंदा_बँकवाल्या | ११ ऑगस्ट २०२२

कर्जाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बुकिंगच्या वेळी बँकेने सांगितलेला व्याजदर डिलिव्हरीपर्यंत टिकत नाही. सँक्शनला (कर्जमंजुरीला) मुदत असते आणि दर लागतो तो पैसे वाटप होताना चालू असलेला. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, एप्रिलमध्ये ४ टक्के होता. मे, जून आणि परवाच्या ५ ऑगस्टला वाढून ५.४० झालाय. ८ लाखांचं सात वर्षांचं कर्ज साडेसातऐवजी ८.९ टक्क्यांनी पडलं, तर हप्ता सुमारे साडेपाचशे रुपयांनी वाढतो. सात वर्षांत ४७ हजार. वाट बघण्याची ही किंमत हिशोबात धरायला हवी. पुढेही दर वाढतील अशीच चिन्हं आहेत.

आणि एक कळकळीने सांगते. चेसिस नंबर आणि इनव्हॉइस हातात येईपर्यंत बँकेला पैसे सोडायला सांगू नका. "पेमेंट आलं की गाडी अलॉट होते" असं म्हणून पूर्ण रक्कम आधी भरून घेतात. गाडी यार्डातही आलेली नसते आणि ग्राहकाचा हप्ता सुरू होतो. आमच्या शाखेत अशी माणसं समोर बसून रडलेली मी पाहिली आहेत.

---

आप्पा_आकुर्डी | ११ ऑगस्ट २०२२

तरुण मंडळींना वाटतं हे काहीतरी नवं आहे. आमच्या आकुर्डीत बजाजच्या कारखान्यातून स्कूटर बाहेर पडताना आम्ही डोळ्यांनी बघत होतो, आणि तरी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लागत नव्हता. दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं आहेत. परदेशातला नातेवाईक परकी चलनात पैसे भरू शकला तर स्कूटर लवकर मिळे. ज्याला नंबर लागे तो गाडी दारात न आणताच "ऑन", म्हणजे मूळ किमतीवर जादा पैसे, घेऊन विकत असे. मारुती ८००च्या बुकिंगला १९८३ मध्ये १० हजार भरावे लागले होते, तेव्हा ती कित्येकांची वर्षभराची कमाई होती.

त्या काळी टंचाई परवान्यांमुळे होती, आज चिपमुळे आहे. पण "ऑन" द्यायची सवय ग्राहकांनीच लावली आणि ती पुढे सगळ्यांनाच भोवली. आज ४५ हजारांचे सीट कव्हर आणि मड फ्लॅप म्हणजे तोच "ऑन", फक्त त्याचं बिल मिळतं. देऊ नका, एवढंच माझं सांगणं.

---

एडिसनची_सई | ११ ऑगस्ट २०२२

इथे अमेरिकेतही हेच चाललंय, फक्त उघडपणे. काचेवर कंपनीच्या छापील किमतीशेजारी दुसरं स्टिकर असतं, "मार्केट अ‍ॅडजस्टमेंट", वर तीन हजार, पाच हजार डॉलर. पूर्वी याच गाड्यांवर घासाघीस करून किंमत खाली आणत होतो. जुन्या गाड्यांचे भाव या जानेवारीपर्यंतच्या वर्षभरात ४० टक्क्यांनी चढले. गेल्या वर्षी जनरल मोटर्सने बऱ्याच मॉडेलमधून गरम होणाऱ्या सीटच काढून टाकल्या, चिप नाही म्हणून.

आम्ही नवी गाडी घ्यायचा विचार सोडला आणि लीजवरची गाडीच विकत घेतली. करारात तीन वर्षांपूर्वी ठरलेली किंमत आजच्या बाजारभावापेक्षा बरीच कमी होती. मृण्मयीताई, तुमची जुनी हॅचबॅकही आज जास्त मोलाची आहे हे विसरू नका. एक्स्चेंजचा आकडा शोरूमवर सोडू नका, बाहेर विचारा. मात्र नवी गाडी दारात येईपर्यंत ती विकू नका.

---

ट्रेकर_सम्या | १२ ऑगस्ट २०२२

डिलिव्हरीआधीची तपासणी टंचाईत जास्त काटेकोर करा, आणि रजिस्ट्रेशनच्या आधी. नंतर गाडी तुमचीच झालेली असते. एखाद्या भागासाठी गाड्या महिनोनमहिने उघड्या यार्डात उभ्या असतात. पावसाळा खाल्लेली गाडी असेल तर सीटखालच्या पत्र्यावर, बिजागऱ्यांच्या स्क्रूवर गंज दिसतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२चा २३ वा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी बघा. एखादाच टायर फार वेगळ्या तारखेचा असेल तर कारण विचारा. गाडी चालू करून सगळे दिवे, काचा, कॅमेरा, सेन्सर तपासा आणि ब्रोशरमध्ये लिहिलेलं प्रत्येक फीचर आहे का ते बघा. काही कंपन्या सध्या एकच स्मार्ट चावी देतायत, दुसरी नंतर. ती "नंतर" तारखेसकट लिहून घ्या.

फेब्रुवारीत डिलिव्हरी घेतलीत तर उत्पादनाचा महिना बघा. आरसीवर तो छापलेला असतो. डिसेंबर २०२२ची गाडी विकताना २०२२चीच मोजली जाते, मग तुम्ही ती कधीही घेतलेली असो.

---

मृण्मयी_डोंबिवली | १२ ऑगस्ट २०२२

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पावती हाताने लिहिलेली आहे, तारीख आणि शिक्का आहे, मेसेज कधीच आला नव्हता. रंग एकच दिला होता. कंपनीला मेल टाकते आहे.

---

मृण्मयी_डोंबिवली | २७ सप्टेंबर २०२२

धागा वर काढते आहे, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

कंपनीचं उत्तर आठवडाभरात आलं. आमचं बुकिंग त्यांच्या सिस्टिममध्ये चढलं होतं जूनमध्ये. मार्चमध्ये पैसे भरलेले असताना! "शोरूमच्या_आतून" यांनी म्हटलं होतं अगदी तेच. पावतीचा फोटो जोडला होता म्हणून कंपनीने मार्चची तारीख धरली आणि तसं मेलवर कळवलं.

मग घरात बसून गोखल्यांचं गणित परत मांडलं. टाकीने डिकी जाते हा मुद्दा सासूबाईंनी लगेच उचलून धरला. शेवटी त्याच मधल्या मॉडेलची पेट्रोल घ्यायचं ठरवलं. मूळ तारीख कायम राहील हे आधी लेखी घेतलं, दोन रंग दिले. गणपतीला गाडी भाड्याने करून गेलो, सासऱ्यांना त्रास झाला नाही. पितृपक्षात घ्यायला तयार आहोत असंही कळवलं होतं. गेल्या आठवड्यात चेसिस नंबर मिळाला, यार्डात जाऊन गाडी बघून आलो. स्टेपनीसकट पाचही टायर जुलैचे निघाले. अ‍ॅक्सेसरीज फक्त मॅट घेतले. इन्शुरन्स बाहेरून, शोरूमच्या कोटेशनपेक्षा बराच स्वस्त पडला. हँडलिंगची ओळ विचारल्यावर निमूट काढली. जुन्या गाडीला बाहेर जास्त भाव आला, ती नवी आल्यावर देणार आहोत.

किंमत मात्र आजचीच द्यावी लागली. फॉर्मवर तसं छापलेलं होतं.

---

नवखा_बदलापूर | २७ सप्टेंबर २०२२

अभिनंदन! ताई, कंपनीला काय लिहिलंत ते इथे द्याल का? माझीही हाताने लिहिलेलीच पावती आहे.

---

मृण्मयी_डोंबिवली | २८ सप्टेंबर २०२२

इंग्रजीत लिहिली होती, मजकूर साधारण असा:

"मी अमुक तारखेला अमुक शोरूममध्ये अमुक मॉडेल, व्हेरिएंट, रंग यासाठी इतके रुपये भरले. पावती सोबत जोडली आहे. कृपया कळवावे: १) आपल्या नोंदीत माझा ऑर्डर नंबर आणि बुकिंगची तारीख काय आहे, २) या व्हेरिएंटचा सध्याचा अपेक्षित कालावधी किती, ३) अ‍ॅक्सेसरीज किंवा इन्शुरन्स घेतल्यास क्रम बदलतो असे मला सांगण्यात आले, ते आपल्या धोरणात बसते का?"

तिसरा प्रश्न नक्की घाला. ते फोन दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. आणि पावतीवर शिक्का नसेल तर आजच जाऊन मारून घ्या, मेल त्यानंतर टाका.